गाठोडे आणि त्यातली यादी

‘वर्ड’मध्ये लिहिलेले एखादे पत्र, मोबाइलवर वाचायचे ई-पुस्तक, मोबाइलमध्ये बसवायचे ॲप आणि एखाद्या कचेरीच्या संगणकात चालणारी जावाची आज्ञावली, या चार वस्तूंचे एकमेकींशी काही नाते असेल असे वरवर पाहता वाटत नाही. पण कुतूहल म्हणून या चारही फायली साध्या ‘नोटपॅड’मध्ये उघडून पाहाव्यात. पुढे सगळा अगम्य चिन्हांचा चिखल दिसेल. पण पहिली दोन अक्षरे चारही ठिकाणी तीच असतील : इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’. आमिर खानच्या चित्रपटाशी त्यांचा काही संबंध नाही. ती फिल कॅट्झ नावाच्या माणसाची आद्याक्षरे आहेत.

हा कॅट्झ अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरचा प्रोग्रॅमर. त्या काळी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल पाठवायची ती टेलिफोनच्या तारेवरून, आणि तारेवरच्या प्रत्येक मिनिटाला पैसे मोजून. त्यामुळे फायली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलींना मोठी मागणी होती. ‘आर्क’ नावाची अशी एक आज्ञावली प्रचारात होती. तिच्याच पद्धतीच्या फायली अधिक झपाट्याने बांधणारी आणि सोडणारी आज्ञावली कॅट्झने केली. मूळ कंपनीने १९८८ मध्ये त्याला कोर्टात खेचले. प्रकरण तडजोडीने मिटले. मग १९८९ मध्ये त्याने स्वतःची नवी पद्धत काढली. तिचे नाव ‘झिप’. आणि कोर्टाचे चटके खाल्लेल्या या माणसाने तिची सगळी अंतर्रचना लिहून काढून जाहीर करून टाकली. कोणीही वापरा, कोणीही आपली आज्ञावली लिहा. अवघ्या ३७ व्या वर्षी, १४ एप्रिल २००० रोजी, तो शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. दारूने त्याला खाल्ले. पण त्याची आद्याक्षरे आज जगातल्या बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत.

फाइल ‘झिप करणे’ हा शब्दप्रयोग आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. त्यात खरे म्हणजे दोन निरनिराळी कामे आहेत. एक, वस्तू दाबून लहान करणे. दुसरे, अनेक वस्तूंचे एक गाठोडे बांधणे. लोकांचे लक्ष पहिल्या कामाकडे जाते, कारण बचत डोळ्यांना दिसते. मला दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. शंभर सुट्या वस्तू कोणाच्या हाती देणे आणि त्याच शंभर वस्तूंचे एक गाठोडे देणे यांत काय फरक असतो, हे ज्यांनी होल्डॉल, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचा डबा घेऊन पॅसेंजर गाडीने प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. दर स्टेशनावर नग मोजावे लागत.

झिपच्या गाठोड्यात एक सूची असते आणि ती फाइलच्या शेवटी असते. आत कोणकोणत्या वस्तू आहेत, प्रत्येक वस्तू सुरुवातीपासून किती अंतरावर ठेवली आहे, तिचा आकार केवढा, हे सगळे तीत लिहिलेले. पुस्तकाची अनुक्रमणिका पुढे असते, मग ही मागे का? तर बांधणाऱ्याला, सगळे बांधून झाल्याखेरीज, कुठली वस्तू कुठे बसली हे माहीत नसते. फ्लॉपीच्या जमान्यात एकच झिप तीन-चार फ्लॉप्यांवर पसरलेली असे, आणि ती सोडवताना यंत्र आधी शेवटची फ्लॉपी मागत असे. ते आम्हाला विक्षिप्तपणाचे वाटे. आता कळते की त्याला आधी यादी हवी असे.

गाठोडे बांधून पाठवणे ही झाली पहिली पायरी. ते न सोडता, आहे तसेच चालवणे ही दुसरी. ती समजण्यासाठी आधी काय होत होते ते सांगितले पाहिजे.

मी ज्या बँकेत नोकरीला होतो तिच्या शाखांत, रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर देशभर झाले तसे, हळूहळू संगणक आले. लेजर पोस्टिंगचे यंत्र आधी, मग संपूर्ण शाखेचे संगणकीकरण. आज्ञावलीत सुधारणा झाली की पुरवठादार कंपनीचा तरुण इंजिनिअर शनिवारी अर्ध्या दिवसानंतर फ्लॉप्यांचा डबा घेऊन येई. एका शनिवारी चौदा फ्लॉप्यांतली नववी वाचली जाईना. तोवर आठ फ्लॉप्यांतल्या नव्या फायली जुन्यांच्या जागी जाऊन बसल्या होत्या. उरलेल्या जुन्याच होत्या. अर्धा संसार नवा, अर्धा जुना, आणि दोघांचे एकमेकांशी पटेना. धड जुनी आज्ञावली चालेना, धड नवी. सोमवारी आम्ही काउंटरवर हाताने पावत्या फाडल्या आणि ग्राहकांना ‘मशीन बंद आहे’ हे त्या काळचे नवे सुभाषित ऐकवले.

तो दोष एका फ्लॉपीचा नव्हता. त्या वेळी आज्ञावली ‘बसवणे’ म्हणजे तिच्या शेकडो फायली यंत्रभर पसरून टाकणे असे. विंडोजमध्ये तर आणखी गंमत. अनेक आज्ञावलींना लागणाऱ्या सामायिक फायली एकाच सरकारी वाटाव्या अशा फोल्डरमध्ये ठेवलेल्या असत. नवी आज्ञावली आली की ती त्यातली एखादी फाइल बदलून आपली आवृत्ती तिथे ठेवी, आणि कालपर्यंत सुरळीत चालणारी तिसरीच आज्ञावली बसून जाई. चाळीतल्या सामायिक नळाला कोणी आपल्या सोयीची तोटी बसवावी तसे. या प्रकाराला संगणकवाल्यांनी ‘डीएलएल हेल’, म्हणजे सामायिक फायलींचा नरक, असेच नाव ठेवले होते.

त्यावर जे अनेक उपाय निघाले त्यांतला एक सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या ‘जावा’ या भाषेबरोबर आला. जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. तेव्हा इंटरनेटच्या पानावर चालणाऱ्या ‘ॲपलेट’ नावाच्या छोट्या आज्ञावलींचे अप्रूप होते. पण एका ॲपलेटचे पंचवीस-तीस तुकडे असले तर ब्राउझर प्रत्येक तुकड्यासाठी सर्व्हरकडे वेगळी खेप करी. मोडेमच्या गतीने पंचवीस खेपा म्हणजे मधल्या वेळात चहा होऊन जाई. फेब्रुवारी १९९७ मध्ये जावाची १.१ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘जार’ फाइल आली. ‘जावा आर्काइव्ह’चे हे लघुरूप, लोणच्याच्या बरणीशीही जुळते. आत पाहाल तर ही फिल कॅट्झची झिपच. सगळे तुकडे एका बरणीत, एकच खेप.

१९९८ च्या डिसेंबरात आलेल्या पुढच्या आवृत्तीत आणखी एक सोय झाली : ही बरणी न उघडता थेट चालवता येऊ लागली. जावा आत जाते, शेवटची सूची वाचते, आणि जो तुकडा जेव्हा लागेल तेव्हा तेवढाच काढून घेते. यंत्रभर काही पसरत नाही. नको झाली तर ती एक फाइल पुसून टाका, मागे राख उरत नाही. नवी आवृत्ती आली तर जुनी फाइल बाजूला ठेवून नवी तिच्या जागी ठेवा. बिघडले तर जुनी परत आणा. आमची ती नववी फ्लॉपी अशी फाइल असती तर ती एक तर संपूर्ण आली असती किंवा अजिबात आली नसती. अर्धे लग्न झाले नसते.

चालवायचे म्हणजे सुरुवात कुठून करायची हे यंत्राला कोणी तरी सांगायला हवे. ते सांगते आत ठेवलेली एक छोटी मजकुराची फाइल. तिचे नाव ‘मॅनिफेस्ट’. तीत एक ओळ असते, ‘मेन-क्लास’ म्हणून. तिच्यापुढे ज्या तुकड्यापासून आरंभ करायचा त्याचे नाव. ही फाइल हाताने लिहिणाऱ्यांना एक जुना चकवा ठाऊक असतो. शेवटच्या ओळीनंतर ‘एंटर’ दाबायचे राहिले तर ती ओळ नीट वाचलीच जात नाही आणि सगळी आज्ञावली ‘कुठून सुरू करू?’ म्हणत उभी राहते. हे ऐकल्यावर मला आमच्या हेड ऑफिसची आठवण झाली. तिथे सही असायची, पण सहीखाली तारीख नाही म्हणून प्रस्ताव परत यायचा.

‘मॅनिफेस्ट’ हा शब्द मात्र संगणकवाल्यांचा नाही. तो गोदीतला. जहाजावर कोणता माल चढला त्याची यादी म्हणजे मॅनिफेस्ट. परदेशी व्यापाराच्या खात्यात मी काही वर्षे काढली, तेव्हा या याद्यांशी रोजची गाठ असे. परदेशातून यंत्र मागवणाऱ्या कारखानदारासाठी बँक ‘लेटर ऑफ क्रेडिट’ उघडते. माल जहाजावर चढला की पलीकडून कागद येतात : बिल, जहाज कंपनीची पावती, पॅकिंग लिस्ट. कागद अटींबरहुकूम असले की पैसे चुकते. खोके कोणी उघडत नाही. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नव्हे. नवख्या अधिकाऱ्याला हे पचायला जड जाते. लाखो रुपये द्यायचे आणि खोक्यात यंत्र आहे की विटा हे पाहायचेसुद्धा नाही! पण जगाचा व्यापार त्याशिवाय चालणार नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक खोके उघडायचे म्हटले तर जहाज बंदरातून हलणारच नाही. म्हणून बंद खोक्यावर विश्वास ठेवायचा तो दोन गोष्टींच्या जोरावर : बाहेर लावलेले सील आणि सोबतची यादी.

संगणकाच्या गाठोड्यालाही ही दोन्ही असतात. जार फाइलवर इलेक्ट्रॉनिक सही करता येते; नंतर कोणी आतल्या एका अक्षराला जरी हात लावला तरी सही जुळत नाही. पण सील सांगते एवढेच की बांधणारा कोण आणि वाटेत कोणी गाठ सोडली नाही. बांधणाऱ्याने आत काय भरले ते सील सांगत नाही. ते सांगायचे काम यादीचे. आणि माझी तक्रार अशी आहे की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण गाठोडी बांधण्यात वाकबगार झालो, सीलेही पक्की झाली, पण याद्या आपण कोणी मागितल्याच नाहीत, म्हणून त्या कोणी दिल्याही नाहीत.

याची किंमत जगाने डिसेंबर २०२१ मध्ये मोजली. जावाच्या असंख्य आज्ञावलींत ‘लॉगफोरजे’ नावाचा एक घटक असतो. त्याचे काम साधे, रोजकीर्द लिहिण्याचे. अमुक वाजता अमुक आला, अमुक मागितले, अमुक चूक झाली. हा घटक काही स्वयंसेवकांनी मिळून सांभाळलेला, फुकट मिळणारा. त्यामुळे जो तो आपल्या गाठोड्यात घालून मोकळा होई. नोव्हेंबरच्या अखेरीस एका चिनी कंपनीतल्या सुरक्षा-पथकाच्या ध्यानात आले की या कारकुनाला एक भलतीच खोड आहे. नोंद करायच्या मजकुरात एका विशिष्ट पद्धतीने बाहेरचा पत्ता लिहिलेला आढळला, तर तो मजकूर नुसता लिहून न घेता कारकून खरोखर त्या पत्त्यावर जाऊन तिथली आज्ञावली घरात आणतो आणि चालवतो! म्हणजे अभ्यागतांच्या वहीत ‘माझ्या मित्राला तिजोरीत नेऊन बसवा’ असे कोणी लिहावे आणि शिपायाने ते करावे. ‘माइनक्राफ्ट’ या मुलांच्या खेळात तर गप्पांच्या चौकटीत तेवढी एक ओळ टाइप केली की काम होत होते. धोक्याला दहापैकी दहा गुण देण्यात आले.

दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. पण खरी पंचाईत निराळीच होती. हा कारकून आपल्याकडे आहे की नाही, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. कारण तो गाठोड्यातल्या गाठोड्यातल्या गाठोड्यात होता. कंपनीने एक तयार घटक घेतला, त्या घटकवाल्याने दुसरा घेतलेला, दुसऱ्याने तिसरा, आणि तिसऱ्याच्या पोटात लॉगफोरजे. गूगलच्या एका पथकाने तेव्हा जावाच्या सार्वजनिक भांडारातले घटक तपासले. त्यात बाधित घटक ३५ हजारांहून अधिक निघाले, आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक ठिकाणी तो एकाहून जास्त पायऱ्या खाली दडलेला होता. नाताळच्या सुट्ट्या रद्द करून जगभरचे इंजिनिअर बरण्या उघडत बसले. माझ्या नात्यातली एक मुलगी पुण्यात या क्षेत्रात आहे. ती म्हणाली, ‘‘काका, दुरुस्ती दहा मिनिटांची होती. शोधायला अकरा दिवस लागले.’’

यावर काही जाणकार म्हणतात की दोष गाठोड्याचाच आहे. सामायिक नळ बरा होता. एके ठिकाणी दुरुस्त केला की सगळ्या चाळीचे काम झाले. आता प्रत्येकाने घरात आपापला नळ घेतला, तर गळका नळ घरोघर जाऊन शोधा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मला डावलायचे नाही. पण सामायिक नळावरची भांडणेही मी पाहिली आहेत. मला विचाराल तर घरात आपला नळ असलेला बरा. फक्त तो कोणत्या वर्षी, कोणत्या प्लंबरने बसवला याचा कागद कपाटात हवा.

आता हा विषय इंजिनिअरांचा, आपल्याला काय त्याचे, असे वाटणाऱ्यांसाठी घरातलेच उदाहरण देतो. आपल्या अँड्रॉइड मोबाइलमधले ॲप ज्या फाइलीतून येते तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. तीही झिपच. चित्रे, आज्ञा, आवाज सगळे एका फाइलीत, आणि आत मॅनिफेस्ट. या सोयीचाच फायदा घेऊन गेली काही वर्षे एक सोंग फिरते आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. कधी वाहतूक खात्याचा दंड येतो, कधी बँकेचे केवायसी, कधी शेतकऱ्याच्या अनुदानाची यादी. पत्रिका असती तर ती चित्र असती किंवा पीडीएफ असती. ही असते एपीके. ‘कोणाचे बरे लग्न?’ म्हणून माणूस बोट लावतो, ‘अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवू का?’ असे फोन विचारतो, त्यालाही घाईने हो म्हणतो. मग ती पत्रिका एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. तीही मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तिकडे पोचतो. पोलिसांच्या सायबर शाखांनी याबद्दल वारंवार सावध केले आहे. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक यात सापडले. पैसे किती गेले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ‘‘मुलीचे नाव ओळखीचे वाटले हो,’’ एवढेच ते दोनदा म्हणाले.

आपल्याकडे ‘याद्या’ झाल्याशिवाय लग्न ठरले असे कोणी मानत नाही. इथेही यादी होतीच. एपीकेच्या पोटातल्या मॅनिफेस्टमध्ये लिहावेच लागते की या ॲपला काय काय हवे आहे : एसएमएस वाचायला हवेत, संपर्कांची वही हवी, माइक हवा. जे यादीत नाही ते फोन मागूनही देत नाही. लग्नपत्रिकेला आपले एसएमएस कशाला वाचायला हवेत, हा प्रश्न ती यादी पाहिल्यावर शाळकरी पोरालाही पडेल. पण ही यादी यंत्राच्या सोयीच्या रूपात दडपून ठेवलेली असते, माणसाच्या डोळ्यांनी वाचता येत नाही. पूर्वी अँड्रॉइड फोन ॲप बसवण्याआधी सगळी यादी एकदम समोर ठेवत असे. ती लांबलचक यादी कोणी वाचत नसे, लोक खालचे बटण दाबत. म्हणून २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून एकेक परवानगी गरजेच्या वेळी विचारायची पद्धत पडली. यात सोय आहे, नाही असे नाही. पण सुटी परवानगी मागणे आणि पूर्ण यादी दाखवणे यांत, एकेक रुपया उसना मागणारा शेजारी आणि कर्जाचा अर्ज भरून देणारा ग्राहक यांच्याइतका फरक आहे. दुसऱ्याचा हिशेब आपल्याला एका नजरेत दिसतो. मी तरी दोन्ही ठेवले असते.

आणि ज्या गाठोड्याबद्दल मी एवढे बोलतो आहे ते आता सुटू लागले आहे, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२१ पासून गूगलच्या दुकानात नवे ॲप द्यायचे तर ॲप करणाऱ्याने तयार एपीके द्यायची नसते. त्याने सगळा कच्चा माल एका मोठ्या गठ्ठ्यात द्यायचा. मग गूगल प्रत्येक फोनच्या मापाप्रमाणे त्यातले हवे तेवढे कापून, स्वतः सील लावून पाठवते. फोनमधली जागा वाचते, डेटा वाचतो. पण ‘हे घे, माझ्याकडचे ॲप तुलाही देतो’ म्हणून एक फाइल मित्राच्या हाती ठेवणे आता पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. माझ्या फोनचे तुकडे त्याच्या फोनला बसतीलच असे नाही. कचेऱ्यांच्या आज्ञावली तर फाइल म्हणून येतच नाहीत. त्या कुठे तरी दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि आपण दरमहा भाडे भरतो. भाड्याच्या घरालाही माझा विरोध नाही, सबंध मुंबई भाड्याने राहिली. पण घरमालकाने घर बंद केले तर आपले सामान कुठे जाते, याची पाळी एकदा आली की गाठोड्याची किंमत कळते.

माझ्यावर ती लेखक म्हणून आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माझी एक कादंबरी प्रकाशकाकडे संगणकावर जुळवली गेली. त्या वेळच्या मराठी आज्ञावलींत प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. शिवाय आज्ञावली चालायला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी एक छोटे कुलूप अडकवावे लागे. कादंबरीची फ्लॉपी प्रकाशकाने मला आठवण म्हणून दिली. नवी आवृत्ती काढायचे ठरले तेव्हा ती एका जाणकाराकडे नेली. फ्लॉपी शाबूत होती, फाइल शाबूत होती, एक अक्षर गळाले नव्हते. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांचा खच पडला होता. ज्या फाँटमध्ये ती अक्षरे मराठी दिसत तो फाँट गाठोड्यात नव्हता, आणि तो पुरवणारी मंडळी कधीच धंद्यातून उठून गेली होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आपल्या छापखान्यांत ते पोचायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. अखेर छापील प्रतीवरून सगळी कादंबरी पुन्हा टाइप करून घेतली. टाइप करणाऱ्या बाईंनी मधल्या एका प्रकरणातला कंटाळवाणा परिच्छेद गाळला का, असा मला अजून संशय आहे. असल्यास त्यांचे बरोबर होते.

आता तीच कादंबरी ई-पुस्तक म्हणून निघाली आहे. ई-पुस्तकाची ‘ईपब’ फाइल म्हणजे पुन्हा कॅट्झची झिप : प्रकरणे आत, मुखपृष्ठ आत, हवा तर फाँटही आत, आणि काय काय आहे त्याची यादी आत. आणखी चाळीस वर्षांनी ती उघडायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागणार नाही, कारण गाठ कशी सोडायची हे एका माणसाने १९८९ सालीच लिहून ठेवले आहे. मराठीतल्या असंख्य पुस्तकांच्या, मासिकांच्या, दिवाळी अंकांच्या जुन्या फायली मात्र माझ्या त्या फ्लॉपीसारख्याच कपाटांत पडून आहेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी फाँट आणि फाइल एकत्र बांधून ठेवावेत, फाँटचे नाव एका कागदावर लिहून आत घालावे, आणि हे काम टाइप करणाऱ्या पिढीतले लोक आहेत तोवर करावे.

सरकारलाही यादीचे महत्त्व पटले आहे, असे दिसते. अमेरिकेने मे २०२१ मध्ये, म्हणजे लॉगफोरजेच्या आधीच, सरकारी खात्यांना पुरवल्या जाणाऱ्या आज्ञावलींतील घटकांच्या यादीचा आग्रह धरणारा आदेश काढला. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबद्दलची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. घटकाचे नाव, आवृत्ती, पुरवठादार, परवाना असे रकाने त्यात आहेत. बँकेत ज्याने स्टॉक रजिस्टर पाहिले आहे त्याला ते परके वाटणार नाहीत. मोठ्या बँका हे करतील, त्यांच्याकडे माणसे आहेत. मला काळजी गल्लीबोळातल्या पतसंस्थांची, नगर वाचनालयांची, शाळांची आणि दवाखान्यांची वाटते. तिथे आज्ञावली पुरवणारा जे देतो ते देवाचा प्रसाद म्हणून घेतले जाते, आणि करारात ‘आत काय आहे’ हे कलमच नसते.

मी ज्या पतसंस्थेत आठवड्यातून एकदा सल्लागार म्हणून जातो तिथे आम्ही हे कलम घातले. पुरवठादार तरुण आहे, भला आहे. ‘‘सर, यादी कशाला? सगळे एकाच फाइलमध्ये आहे की,’’ असे तो आधी म्हणाला. तीन आठवड्यांनी दोन पानांची यादी आली. तीत लॉगफोरजेची १.२ ही आवृत्ती होती. २०२१ च्या त्या प्रकरणात सापडली ती ही नव्हे, तिच्या आधीची. पण तिची देखभाल २०१५ च्या ऑगस्टमध्येच थांबली आहे. ती काढायला सांगितले. यादी करायला बसल्यावर त्याच्या स्वतःच्याही लक्षात आले की आतले अकरा घटक कोणी वापरतच नव्हते. आधीच्या कोणा इंजिनिअरने घातले आणि ते तसेच राहिले. नवी फाइल पुढच्या सोमवारी आली. जुनीपेक्षा ती लहान होती, आणि यादी दीड पानाची झाली होती.